फ्रिटिलरी: फासे, फूल आणि फुलपाखरू

फ्रिटिलरी हा शब्द ऐकला की तो फुलाचा वाटत नाही आणि फुलपाखराचाही वाटत नाही, कसल्यातरी खुळखुळणाऱ्या वस्तूचा वाटतो, आणि गंमत म्हणजे तो मुळात आहेच तसा. इंग्रजीत हे नाव दोघांना आहे. एक फूल आहे, लिलीच्या कुळातलं, कंदातून उगवणारं, मान खाली घालून लटकणारं, पाकळ्यांवर जांभळ्या आणि फिक्या चौकड्या. आणि दुसरीकडे फुलपाखरांचा अख्खा गट आहे, नारिंगी पंख आणि त्यावर काळे ठिपके, रेघा, कंस, वेलांट्या असा सगळा पसारा. दोघांचा एकमेकांशी संबंध काय म्हणाल तर काहीच नाही. फुलपाखराची अळी त्या फुलाच्या वाटेलाही जात नाही, ती बहुतेक वेळा व्हायोलेटची पानं खाते. म्हणजे नाव एकच, पण नातं नाही.

डिक्शनरी उघडली की उत्तर एका ओळीत मिळतं: लॅटिन शब्द फ्रिटिलस, अर्थ फासे टाकायचा पेला. झालं. पण मला ते एका ओळीचं उत्तर कधीच पुरलं नाही, कारण पेल्यावर चौकड्या कुठून आल्या?

तर आधी तो पेला. रोमन लोक फाशांचे जबरदस्त नादी होते. कायद्याने पैशांचा जुगार बंद, सॅटर्नेलियाच्या सणात तेवढी मोकळीक, आणि बाकी वर्षभर सगळे लपूनछपून खेळणार, हे ओघानंच आलं. हाताने फासे टाकले की हातचलाखीला वाव, म्हणून फासे पेल्यात घालायचे, खुळखुळवायचे आणि पटावर उपडे करायचे. तो पेला म्हणजे फ्रिटिलस. दुसऱ्या शतकातला कवी जुव्हेनल आईबापांना झापताना म्हणतो की म्हाताऱ्याला जुगाराचा नाद असेल तर गळ्यात ताईत घातलेलं त्याचं पोरगंही आपल्या छोट्याशा फ्रिटिलसमध्ये तीच हत्यारं खुळखुळवत बसतं. ताईत हे मी माझ्या पदरचं घालत नाहीये हं, रोमन मुलांच्या गळ्यात खरोखरच बुला नावाचा ताईत असायचा. आणि क्लॉडियस बादशहा तर इतका नादी की त्याने फाशांवर पुस्तक लिहिलं होतं आणि रथ हलला तरी डाव मोडू नये अशी पटाची सोय रथात करून घेतली होती, असं त्याचा चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. क्लॉडियस मेल्यावर सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने त्याची टिंगल करणारं एक लिखाण केलं, त्यात परलोकात क्लॉडियसला शिक्षा काय, तर बूड नसलेल्या फ्रिटिलसने कायम फासे खेळत बसायचं. फासे गोळा करायचे, पेल्यात टाकायचे, ते खालून निसटणार, परत गोळा करायचे. शिक्षा म्हणून मला ही भयंकर आवडते, ज्याला ज्याचा नाद त्याला तेच अर्धवट द्यायचं.

पण या सगळ्यात चौकडी कुठेच नाही. फ्रिटिलस म्हणजे पेला, आणि पेला म्हणजे पेला, त्याला पटाची चौकट असायचं कारण नाही.

आता दीड हजार वर्षं पुढे या. फ्रान्समधलं ओर्लेआं गाव, ल्वार नदीकाठची ओलसर कुरणं, आणि नोएल कापेरों नावाचा एक औषधवाला. त्या काळातला औषधवाला म्हणजे नुसता दुकानदार नाही, मुळ्या-कंद-पानं ओळखणारा, गोळा करणारा, कुटून औषध करणारा माणूस. त्याला १५७०च्या आसपास कुरणात हे चौकडीचं फूल दिसलं, त्याने त्याला फ्रिटिलारिया म्हटलं आणि त्याची खबर क्लूसियसला कळवली. क्लूसियस म्हणजे युरोपभरच्या कंदफुलांचा त्या काळातला सगळ्यात मोठा जाणकार, पुढे हॉलंडमध्ये ट्यूलिप रुजवणाऱ्यांमधलं मुख्य नाव. म्हणजे खबर योग्य माणसाकडे गेली.

कापेरोंच्या हाताला मात्र यश लागलं नाही. १५७२च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंट लोकांची कत्तल सुरू झाली, ती पसरत पसरत इतर शहरांत गेली, ओर्लेआंमध्ये तर फारच वाईट झालं. कापेरों त्यात मारला गेला. इंग्लंडमधला पार्किन्सन, हा पण औषधवालाच, १६२९ साली बागेतल्या फुलांविषयी लिहिताना ही गोष्ट सांगतो, की ज्याला हे फूल पहिल्यांदा सापडलं तो ते सापडल्यावर थोड्याच काळात फ्रान्सच्या कत्तलीत गेला, आणि म्हणून त्याची आठवण राहावी म्हणून काही लोक या फुलाला नार्सिसस कापेरोनियस म्हणत. म्हणजे कापेरोंचा नर्गिस. हे नाव टिकलं नाही. टिकलं ते त्याने स्वतः ठेवलेलं नाव, ज्यात त्याचा काही मागमूस नाही.

आणि त्याच पार्किन्सनने आपल्या पेल्याचं कोडंही सोडवून ठेवलंय. तो म्हणतो, फ्रिटिलारिया हे नाव फ्रिटिलसवरून आलं, आणि फ्रिटिलस म्हणजे बुद्धिबळाचा पट असं अनेक जण समजतात. समजतात! त्याच्याआधी १५९७ मध्ये वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या जेरार्डनेही तेच लिहिलंय, की ज्या पटावर लोक बुद्धिबळ खेळतात त्यावरून हे नाव. म्हणजे सोळाव्या शतकातल्या लॅटिन शिकलेल्या लोकांच्या डोक्यात फासे, पेला, पट, सोंगट्या हे सगळं खेळाचं सामान एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं, आणि फ्रिटिलस म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर पेला न येता पट येत होता. पेल्याचं नाव पटाला चिकटलं, पटाचं फुलाला, आणि फूल बिचारं गेली साडेचारशे वर्षं आपण फाशांचा पेला आहोत असं सांगत फिरतंय.

काही लोक ही चूक झाकायला सांगतात की फूल पेल्याच्या आकाराचं आहे ना, म्हणून. उलटा धरलेला पेला, फासे ओतताना असतो तसा. ऐकायला छान वाटतं. पण जुनी माणसं स्वतः लिहून गेलीत की त्यांना चौकड्या दिसल्या आणि पट आठवला, तर आपण कशाला त्यांच्या वतीने सारवासारव करायची. मला ती चूक आहे तशीच आवडते. माणसाने कुरणात वाकून फूल पाहिलं आणि त्याला खेळ आठवला, एवढं खरं आहे, बाकी लॅटिनचं काय ते लॅटिन बघेल.

कारण तसं पाहिलं तर या फुलाकडे बघून ज्याला जे आठवलं ते त्याने नाव म्हणून ठेवलंय, आणि त्या नावांतून फुलापेक्षा ठेवणाऱ्याच्या घराची जास्त माहिती मिळते. जर्मन लोक सरळ बुद्धिबळाच्या पटाचं फूल म्हणतात. डच लोक याला किविट्सब्लूम म्हणतात, म्हणजे टिटवीचं फूल, कारण तिकडच्या टिटवीच्या अंड्यावर असेच गडद डाग असतात आणि वसंतात कुरणात टिटवीची अंडी शोधणं हा त्यांचा जुना छंद. फ्रेंच लोकांना यात गिनी कोंबडी दिसते. इंग्लंडमध्ये तर नावांचा पाऊस आहे, कळी सापाच्या डोक्यासारखी टोकदार आणि खवल्यांची म्हणून सापतोंडी, मान खाली म्हणून उदास बाई, आणि एक जुनं नाव कुष्ठरोग्याची लिली, कारण त्या काळी कुष्ठरोग्यांना लोक लांब व्हावेत म्हणून घंटा वाजवत चालावं लागायचं आणि ती घंटा या आकाराची. हे नाव ठेवणाऱ्याने ती घंटा ऐकलेली असणार. असलं नाव पुस्तकात बसून सुचत नाही.

आणि क्रोएशियात याला कोत्स्काविका म्हणतात. कोत्स्का या शब्दाचे त्यांच्या भाषेत अर्थ बघा: चौकोनी ठोकळा, कापडावरची चौकडी, आणि फासा. तिन्ही. म्हणजे लॅटिनमध्ये ज्या गोंधळातून हे नाव जन्मलं तो क्रोएशियन भाषेत गोंधळच नाही, तिथे चौकडी आणि फासा एकच. कापेरों तिकडे जन्मला असता तर बरोबर ठरला असता.

गिनी कोंबडीचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली या फुलाला जे अधिकृत नाव दिलं ते फ्रिटिलारिया मेलिआग्रिस, आणि मेलिआग्रिस म्हणजे गिनी कोंबडी. ग्रीक गोष्ट अशी की मेलिआगर नावाचा वीर मेला तेव्हा त्याच्या बहिणी इतक्या रडल्या, इतक्या रडल्या की आर्टेमिस देवीने त्यांचे पक्षी करून टाकले, आणि त्यांच्या आसवांचे थेंब पिसांवर पांढरे ठिपके होऊन राहिले. म्हणजे पूर्ण नाव उलगडलं तर काय निघतं, फाशांचा पेला, रडणाऱ्या बहिणी. लिनिअसला हे असं म्हणायचं नव्हतं, त्याने जुनी दोन नावं उचलून शेजारी ठेवली एवढंच. पण नाव वाचताना मला ते दिसतं आणि नाही दिसत असं मी करू शकत नाही. बरं, पाच वर्षांनी त्याच लिनिअसने मेलिआग्रिस हे नाव टर्की पक्ष्याला देऊन टाकलं, जो अमेरिकेतला आणि ज्याच्या अंगावर ठिपकेही नाहीत. कोंबडीचं नाव टर्कीला, पेल्याचं फुलाला, एकूण त्या काळात नावांची वाटणी जरा सढळ हातानेच झालीय.

फूल जवळून बघितलं की आधी कळतं की चौकड्या सरळ नाहीत. लांबून बुद्धिबळाचा पट वाटतो, पण जवळून प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा जरा सरकलेला, कडा विरघळलेल्या, जाडसर विणलेल्या चौकड्यांच्या कापडासारखं ते दिसतं. सहा पाकळ्या, खांद्यापाशी एकदम काटकोनात वळलेल्या, त्यामुळे घंटा गोल न दिसता चौकोनी खांद्यांची दिसते. आत डोकावायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं, कारण देठ जेमतेम फूटभर आणि फूल खाली बघतंय. आत प्रत्येक पाकळीच्या मुळाशी मधाची खाच असते आणि त्यासाठी वसंताच्या सुरवातीला नुकत्या जाग्या झालेल्या भुंग्यांच्या राण्या आत घुसतात. काही फुलं पूर्ण पांढरी असतात, पण उजेडाला धरली की त्यातही हिरवट चौकड्यांची पुसट खूण दिसते. आणि फलन झालं की देठ हळूहळू सरळ होतो आणि बियांची बोंडी आकाशाकडे तोंड करून उभी राहते. उदास बाई म्हणणाऱ्यांनी पुढचा महिनाभर थांबायला हवं होतं.

या फुलाला एक विचित्र शिस्तीची जमीन लागते. हिवाळ्यात नदीचं पाणी येऊन गेलं पाहिजे, उन्हाळ्यात बिया पडल्यावरच गवत कापलं पाहिजे, नंतर गुरं चरली पाहिजेत. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात क्रिकलेड गावाजवळ नॉर्थ मेडो नावाचं कुरण आहे, तिथे शेकडो वर्षं हाच क्रम चालू आहे, आणि देशातल्या रानटी सापतोंडी फुलांपैकी साधारण ८० टक्के त्या एका कुरणात आहेत. बाकीची कुरणं गेली, बरीचशी दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी नांगरली गेली. ते फूल मुळात इंग्लंडचं आहे का कधीतरी बागेतून पळालेलं, यावर तिथले वनस्पतीवाले अजून भांडतात. स्वीडनमध्ये उप्सालाच्या कुरणातलं तर बागेतूनच पळालेलं मानतात आणि तरी ते त्या प्रांताचं फूल आहे. मला हे भांडण फार महत्त्वाचं वाटत नाही.

फ्रिटिलारियाच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर चौकड्या नाहीतच. इम्पेरिआलिस ही तर तीन फूट उंच, नारिंगी घंटांचा झुबका आणि वर पानांचा तुरा, तुर्कस्तानपासून हिमालयाच्या पश्चिम भागापर्यंत उगवते, कोल्ह्याच्या अंगासारखा तिचा वास येतो. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तांब्याच्या भांड्यात ठेवलेली रंगवलीय ती हीच. चीनच्या डोंगरात डेलावायी नावाची जात आहे, खडकांच्या चुऱ्यात उगवते, तिचे कंद खोकल्याच्या औषधासाठी खणतात, एक किलो भरायला ३५०० पेक्षा जास्त कंद लागतात इतके ते बारीक. २०२० मध्ये तिथल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की जिथे खणणं जास्त तिथली झाडं हिरवी राहिलेली नाहीत, पानं-फुलं करडी-तपकिरी झालीत, आजूबाजूच्या दगडांत मिसळून जाणारी. हिरवी दिसली ती खणली गेली, न दिसलेल्यांना बिया धरायला मिळाल्या. म्हणजे सगळ्या घराण्याला नाव मिळालं ते डोळ्यात भरणाऱ्या नक्षीवरून, आणि ही बहीण जगतेय ती डोळ्यात न भरल्यामुळे.

आता फुलपाखरू. इथे पुन्हा एक औषधवालाच येतो, म्हणजे योगायोग तरी किती असावा. जेम्स पेटिव्हर, लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर दुकान, आणि दुकानामागे जगभरातून आलेले किडे, शिंपले, वाळकी पानं यांचा ढीग. जहाजावरच्या डॉक्टरांना, खलाशांना पत्रं लिहून लिहून तो वस्तू मागवायचा. १६९५ पासून तो आपल्या संग्रहाच्या छोट्या छोट्या याद्या छापायला लागला आणि त्यात फुलपाखरांना इंग्रजी नावं लागत होती, जी तोवर नव्हतीच. आज इंग्रजीत रुळलेली बरीच फुलपाखरांची नावं त्याच्या दुकानातून निघालीत. नारिंगी पंखांवर काळी नक्षी बघून त्याला ते चौकडीचं फूल आठवलं, औषधवाल्याला फूल आठवणारच, आणि फ्रिटिलरी हे नाव फुलावरून उडून पंखांवर जाऊन बसलं. पेल्यापासून आता आपण तीन घरं पुढे आलोय.

पेटिव्हरला फुलपाखरं पाठवणाऱ्यांमध्ये एलेनॉर ग्लॅनव्हिल नावाची बाई होती, सॉमरसेटची, पैसेवाली, नवऱ्याने छळलेली आणि त्याच्यापासून वेगळी राहणारी. खाली चादर पसरून कुंपणाच्या झुडपांवर काठीने बडवायची आणि पडलेल्या अळ्या गोळा करून वाढवायची. लिंकनशरमध्ये तिला एक नवीन फ्रिटिलरी सापडली. १७०९ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या मृत्युपत्रात मुलाला फारसं काही नव्हतं, तर त्याने कोर्टात दावा लावला की आई वेडी होती, आणि पुरावा काय, तर ती किडे गोळा करायची. शेजाऱ्यांनी साक्षी दिल्या. १७६६ मध्ये फुलपाखरांवर पुस्तक काढणाऱ्या मोझेस हॅरिसने ही गोष्ट लिहिताना नातेवाइकांचा मुद्दा नेमका सांगितलाय, की ज्याची अक्कल गेलीय त्याच्याशिवाय फुलपाखरांमागे कोण धावेल. मृत्युपत्र रद्द झालं. त्या फुलपाखराला आज ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी म्हणतात, आणि फिनलंडच्या ऑलंड बेटांवर इल्का हान्स्की या शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकापासून हजारो छोट्या छोट्या कुरणांत ह्याच जातीच्या अळ्यांची घरटी दर शरदात मोजून, कुठल्या कुरणातून ती नाहीशी होते आणि कुठे परत येते याचं जे गणित मांडलं ते आता जगभर शिकवतात. किडे मोजणाऱ्या माणसाला २०११ मध्ये क्राफोर्ड हे विज्ञानातलं मोठं पारितोषिक मिळालं. तिच्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

फुलपाखरांच्या बाबतीतही तेच, ज्याला जे दिसलं ते. जपान्यांना बिबट्याची कातडी दिसली, ते बिबट्याच्या ठिपक्यांचं फुलपाखरू म्हणतात. जर्मन लोकांनी वरचे ठिपके सोडून पंखांची खालची बाजू बघितली, तिथे बऱ्याच जातींवर चांदीसारखे चकाकणारे डाग असतात, म्हणून त्यांच्याकडे ती मोत्याच्या शिंपल्याची फुलपाखरं. पण खरा प्रश्न असा की ही नक्षी ज्यांच्यासाठी आहे त्यांना काय दिसतं. सिल्व्हर वॉश्ड फ्रिटिलरीचं लग्न जमताना मादी सरळ रेषेत उडत जाते आणि नर तिच्या खालून येऊन पुढून वर चढून परत मागे असे वेढे घालत राहतो, समोर मादीच आहे हे तो कसं ओळखतो म्हणून १९५०च्या दशकात मॅग्नस नावाच्या जर्मन संशोधकाने नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची सिलिंडरं गरगर फिरवून त्या नरांसमोर ठेवली. नर आले. जितकं जोरात फिरवावं तितके जास्त आले, खऱ्या मादीच्या पंखांपेक्षा जास्त वेगाने फिरणाऱ्या सिलिंडरवर जास्त भाळले. म्हणजे त्याच्या लेखी पट नाही, बिबट्या नाही, चौकडी नाही. नुसती नारिंगी-काळी लुकलुक.

नावं एकदा चालू झाली की कुठेही जातात याचं उदाहरण अमेरिकेतली गल्फ फ्रिटिलरी, जिचं शास्त्रीय नाव व्हॅनिली, व्हॅनिलावरून, आणि ती व्हॅनिलाला तोंडही लावत नाही, कृष्णकमळाच्या वेली खाते. मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामच्या किड्यांची चित्रं काढताना हे फुलपाखरू व्हॅनिलाच्या वेलीवर रंगवलं, चित्र सुंदर दिसावं म्हणून असेल, आणि लिनिअसने चित्र बघून नाव दिलं. आणि इंग्लंडमध्ये एक छोटं नारिंगी-तपकिरी फुलपाखरू आहे, ड्यूक ऑफ बर्गंडी फ्रिटिलरी, रूप अगदी फ्रिटिलरीचं पण कूळच वेगळं निघालं, तेव्हा अलीकडच्या पुस्तकांतून त्याचं फ्रिटिलरी काढून टाकलंय आणि आता ते नुसतं ड्यूक ऑफ बर्गंडी. कुठला ड्यूक, आणि त्याचा या फुलपाखराशी काय संबंध, याची कुठेच नोंद नाही.